सर्व्हरला कुलूप लावण्याआधी: अ‍ॅन्सिबलनं लिनक्सचं हार्डनिंग, पायरीपायरीनं

संध्याकाळी पावणेआठला अ‍ॅन्सिबलचं प्लेबुक, म्हणजे अनेक सर्व्हरवर एकदम करायच्या कामांची यादी, चालून संपलं. अकराही सर्व्हरपुढे हिरवं. एकही 'फेल्ड' नाही, एकही 'अनरीचेबल' नाही. खाली उतरून कटिंग मारला, वर आलो आणि सहज एका सर्व्हरवर लॉगिन करायला गेलो तर 'परमिशन डिनाइड'. दुसऱ्यावर तेच. अकराव्यापर्यंत पोचेतो तळहाताला घाम सुटला होता. सर्व्हर ठणठणीत चालू होते, ग्राहकांची कामंही चालू होती. बाहेर राहिलो होतो फक्त आम्ही.

रात्री ठाण्याहून ट्रान्सहार्बरनं ऐरोली, तिथून रिक्षानं डेटा सेंटर. गेटवर ओळखपत्र, लॅपटॉपचा सिरियल नंबर रजिस्टरात, मग आतला माणूस न्यायला येईपर्यंत बाकड्यावर अर्धा तास. पुढे क्रॅश कार्ट, म्हणजे ट्रॉलीवर ठेवलेला मॉनिटर आणि कीबोर्ड, ढकलत एकेका मशीनला वायर जोडायची, रूटचा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या युजरचा, पासवर्ड टाकायचा, एक ओळ दुरुस्त करायची, पुढचं मशीन. पासवर्ड ऑफिसच्या तिजोरीतल्या लिफाफ्यात होता. सहकारी फोनवरून एकेक अक्षर वाचून दाखवत होता: "कॅपिटल क्यू, मग हॅश... नाही रे, डॉलर." परतीची शेवटची गाडी कधीच गेली होती.

चूक एकाच ओळीची होती. ती पाचव्या पायरीत सांगतो.

हा लेख त्यांच्यासाठी आहे ज्यांना साहेबांनी सांगितलंय की पुढच्या महिन्यात ऑडिट आहे, सर्व्हर जरा हार्डन करून टाक. हार्डनिंग म्हणजे नको ते बंद करणं आणि जे उघडं ठेवावंच लागतं त्यावर कडक नियम बसवणं. एक सर्व्हर एका दुपारी हातानं होतो. चाळीस होत नाहीत. झालेच तरी सहा महिन्यांनी कुठल्या मशीनवर कुठली ओळ राहिली हे करणाऱ्यालाही आठवत नाही. म्हणून ऑटोमेशन: अ‍ॅन्सिबल हे साधन एका मशीनवरून तीच कामं सगळ्या सर्व्हरवर करून देतं. मात्र तुमची चूकही ते तितक्याच झपाट्यानं चाळीस ठिकाणी पोचवतं. त्यामुळे खालच्या पायऱ्यांचा क्रम बदलू नका.

एक खुलासा: आज्ञा आणि सेटिंगची नावं मी इथं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच नेहमीच्या स्पेलिंगनं टाइप करायची.

## १. सुरुवातीला हाताशी काय हवं

- सर्व्हरची खरी यादी: आयपी, ऑपरेटिंग सिस्टिम आणि आवृत्ती, त्यावर काय चालतं, ते कोणाचं आहे. एक्सेलमध्ये असते ती नव्हे, आजची.
- प्रत्येक सर्व्हरवर कुठले पोर्ट, म्हणजे नेटवर्कची क्रमांकित दारं, ऐकतायत याची नोंद. 'एसएस' आज्ञेनं दोन मिनिटांत मिळते.
- कन्सोलचा रस्ता आणि त्याचे पासवर्ड (पायरी ३).
- बदलासाठी लेखी परवानगी. ईमेल चालेल, व्हॉट्सअ‍ॅपवरचा अंगठा चालत नाही.
- लिनक्स असलेलं एक कंट्रोल मशीन. अ‍ॅन्सिबल तिथंच बसतं. सर्व्हरवर वेगळा एजंट लागत नाही, एसएसएच (दुरून सुरक्षित लॉगिन करायची सोय) आणि पायथन असलं की पुरे.
- गिट रिपॉझिटरी, म्हणजे फाइलींच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी जागा. प्लेबुक कोणाच्या डेस्कटॉपवर पडून राहता कामा नये.
- मोडली तरी चालतील अशी दोन व्हर्च्युअल मशीन, स्नॅपशॉटसकट (मागच्या स्थितीत परत जायची सोय).

यादी करताना जुनी मशीन सापडतात. सेंटॉस ७ चा आधार ३० जून २०२४ ला संपला. असा सर्व्हर निघाला तर त्याला सिक्युरिटी पॅच येत नाहीत आणि हार्डनिंगनं ती उणीव भरून निघत नाही. रॉकी, अल्मा किंवा उबंटूवर हलवायचा प्रस्ताव आधी द्या. त्यावर रंगरंगोटी करत बसू नका.

## २. हात लावायच्या आधी मोजून घ्या

बदल करण्यापूर्वीची स्थिती लिहून ठेवली नाही तर नंतर काय सुधारलं हे दाखवता येत नाही, आणि काय बिघडलं हे तर त्याहून नाही.

सुरुवातीला लिनिस वापरा. हे छोटंसं शेल-आधारित साधन आहे. सर्व्हरवर चालवलं की काही मिनिटांत सूचनांची यादी आणि १०० पैकी हार्डनिंग इंडेक्स देतं. नवख्या माणसानं त्या आकड्यापेक्षा सूचना वाचाव्यात, कारण प्रत्येक सूचनेत एखादं सेटिंग कशासाठी असतं ते कळतं.

ऑडिटर मात्र बहुधा सीआयएस बेंचमार्क मागतो. सेंटर फॉर इंटरनेट सिक्युरिटी ही संस्था प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमसाठी शेकडो पानांचं दस्तऐवज काढते. त्यात लेव्हल १ आणि लेव्हल २ अशा दोन पातळ्या असतात. लेव्हल १ म्हणजे कामाला फारसा धक्का न लावता करता येतील असे नियम. लेव्हल २ जास्त कडक असते आणि काही सेवा बंद पाडू शकते. पहिल्या फेरीत लेव्हल १ च धरा. "लेव्हल २ करून टाकू, भारी दिसेल" असं मीटिंगमध्ये कोणी बोललं तर पायरी ८ वाचायला द्या.

मोजणीसाठी रॉकी किंवा अल्मावर ओपनस्कॅप आणि स्कॅप सिक्युरिटी गाइड ही पॅकेजं सरळ मिळतात. उबंटूवर उबंटू प्रोमधलं यूएसजी हे साधन आहे. वैयक्तिक वापरासाठी पाच मशीनपर्यंत प्रो फुकट मिळतं, शिकायला तेवढं बास.

ओपनस्कॅप नापास झालेल्या नियमांसाठी तयार अ‍ॅन्सिबल प्लेबुकही काढून देतं. इथं मोह होतो: स्कॅन केलं, प्लेबुक काढलं, चालवलं, संपलं. तसं करू नका. ते प्लेबुक वाचायला वापरा आणि त्यातले टास्क (एकेक काम) निवडून आपल्या रोलमध्ये (टास्कच्या गटात) आणा. डेव्ह-सेक प्रकल्पाचे तयार रोलही चांगले आहेत, पण त्यांतली डिफॉल्ट मूल्यं आधी वाचून घ्या. पायरी ६ मध्ये त्याचा नमुना आहे.

## ३. परत आत शिरायची वाट

आपण एसएसएचचं दार बदलणार आहोत, म्हणून एसएसएचवर न चालणारं दुसरं दार आधी उघडून पाहायचं. 'आहे' असं कोणी सांगितलं म्हणून भागत नाही. स्वतः त्या दारानं आत जाऊन परत बाहेर यायचं.

सर्व्हर स्वतःचे असतील तर आयडीआरएसी, आयएलओ असा, दुरून कन्सोल देणारा मॅनेजमेंट पोर्ट. आमच्या त्या अकरा मशीनना तो होता, पण त्याची नेटवर्क वायरच कधी जोडली नव्हती. तेवढ्यासाठी ऐरोली घडली.

एडब्ल्यूएस या क्लाउडच्या मुंबई रीजनमध्ये असाल तर सेशन मॅनेजर चालू करा. त्याला पोर्ट २२, म्हणजे एसएसएचचा पोर्ट, लागत नाही. सिरियल कन्सोलही आहे, पण तो अकाउंटच्या पातळीवर आधी चालू करावा लागतो, नायट्रो प्रकारचंच इन्स्टन्स (क्लाउडमधलं मशीन) लागतं, आणि आत शिरायला पासवर्ड असलेला लिनक्स युजर हवा. क्लाउड इमेजमध्ये सगळं कीवर (पासवर्डऐवजी वापरायच्या गुप्त फाइलीवर) चालतं, कोणालाच पासवर्ड नसतो. मग ऐन वेळी कन्सोल उघडतो, लॉगिन विचारतो आणि आपण बघत बसतो. एक आपत्कालीन युजर करा, लांबलचक पासवर्ड द्या, तो लिफाफ्यात घाला. आणि पासवर्ड निवडताना तो कधीतरी रात्री फोनवर वाचून दाखवावा लागेल हे ध्यानात ठेवा.

## ४. प्लेबुकची मांडणी

पहिल्याच दिवशी दोनशे टास्कची एक फाइल लिहू नका. एसएसएच, फायरवॉल, कर्नल (लिनक्सचा गाभा), पॅच, ऑडिट असे वेगवेगळे रोल करा आणि प्रत्येकाला टॅग द्या, म्हणजे फक्त फायरवॉलचा भाग वेगळा चालवता येतो. बदलू शकतं ते सगळं व्हेरिएबलमध्ये. गटागटानं मूल्यं वेगळी: वेब सर्व्हरना एक, डेटाबेसना दुसरी.

प्लेबुक दुसऱ्यांदा चालवल्यावर 'चेंज्ड' शून्य यायला हवं. येत नसेल तर कुठला तरी टास्क दर वेळी काहीतरी करतोय. नवशिक्यांच्या प्लेबुकमध्ये हमखास सापडतं ते म्हणजे शेल मॉड्यूल (मॉड्यूल म्हणजे टास्कमध्ये वापरायचं तयार साधन) वापरून 'इको'नं फाइलीच्या शेवटी ओळ जोडणं. दर आठवड्याला चालवलंत की वर्षाअखेर तीच ओळ बावन्न वेळा. 'लाइनइनफाइल' (ओळ नसेल तरच जोडणारं) किंवा त्याहून बरं म्हणजे 'टेम्पलेट' (अख्खी फाइल साच्यातून घडवणारं) वापरा.

गुप्त मूल्यं अ‍ॅन्सिबल व्हॉल्टमध्ये. व्हॉल्टचा पासवर्ड गिटमध्ये टाकायचा नाही आणि हरवायचाही नाही, तो परत मिळत नाही.

युजर मॉड्यूलमधला एक सापळा इथंच सांगून ठेवतो. एखाद्याला नव्या ग्रुपमध्ये घालताना 'अपेंड' हा पर्याय 'ट्रू' करायला विसरलात तर बाकीच्या ग्रुपमधून त्याचं नाव उडतं. त्यात रूटचे अधिकार देणारा 'सुडो'ही आला. तुमचाच युजर असेल तर स्वतःच्या हातानं स्वतःचे अधिकार काढून घेतल्यासारखं होतं.

## ५. एसएसएच: इथं घाई नको

मूळ नियम थोडेच आहेत:

- 'परमिटरूटलॉगिन' नो.
- 'पासवर्डऑथेंटिकेशन' नो, आणि त्याच्या जोडीला 'केबीडीइंटरॅक्टिव्हऑथेंटिकेशन'ही नो. पहिलं बंद करून दुसरं उघडं ठेवलं तर पॅम या लिनक्सच्या लॉगिन तपासणाऱ्या यंत्रणेमार्फत पासवर्डची वाट चालूच राहू शकते.
- 'एक्स११फॉरवर्डिंग' (दुरून ग्राफिक खिडक्या दाखवायची सोय) नो.
- 'मॅक्सऑथट्राइज' ४.
- 'लॉगिनग्रेसटाइम' (लॉगिन पूर्ण करायची मुदत) ६० सेकंद.
- 'अलाउग्रुप्स'मध्ये फक्त ठरावीक ग्रुप.

आता माझी चूक. 'अलाउग्रुप्स'ची ओळ टाकली, ग्रुप तयार केला, माणसांची नावं मात्र त्यात घातलीच नाहीत. नावं घालणाऱ्या टास्कवर टॅग चुकीचा होता, म्हणून तो चाललाच नाही. ग्रुप रिकामा, त्यामुळे आत कोणालाच प्रवेश नाही.

पण मग प्लेबुक शेवटपर्यंत हिरवं कसं राहिलं? याचं उत्तर मला त्या रात्री डेटा सेंटरच्या थंडीत उमगलं. अ‍ॅन्सिबल दर टास्कला नवं एसएसएच कनेक्शन उघडत नाही. एकदा उघडलेलं कनेक्शन 'कंट्रोलपर्सिस्ट'नं ६० सेकंद धरून ठेवतं आणि दर टास्कला ती मुदत पुढे सरकते. एसएसएच सेवा रिस्टार्ट केली तरी आधी जोडलेलं सेशन तुटत नाही. म्हणजे दार बंद झालं तेव्हा अ‍ॅन्सिबल आतच होतं, आतूनच सगळं आलबेल असल्याचं कळवत होतं.

उपाय दोन टास्कचा. एसएसएचचे हँडलर (बदल झाल्यावर सेवा रिस्टार्ट करणारे टास्क) चालून झाल्यावर 'मेटा: रीसेट_कनेक्शन' लावून जुनं कनेक्शन तोडा. लगेच 'वेट_फॉर_कनेक्शन' लावून नव्यानं आत शिरून दाखवायला सांगा. शिरता आलं नाही तर प्लेबुक तिथंच लाल होतं. हे सर्व्हर एकेक करून चालवलेत (पायरी ९) तर नुकसान एकाच मशीनपुरतं राहतं. शिवाय पहिल्या सर्व्हरच्या वेळी दुसऱ्या खिडकीत एक सेशन उघडं ठेवायचंच. ते शेवटपर्यंत बंद करू नका.

दुसरा सापळा उबंटूवाल्यांसाठी. मुख्य 'एसएसएचडी_कॉन्फिग' फाइलीत पासवर्ड बंद केला, स्क्रिप्टनं फाइल तपासून पास दिला, तरी सर्व्हर पासवर्ड विचारतोच. कारण त्या फाइलीच्या वरच्या भागातच 'एसएसएचडी_कॉन्फिग.डी' फोल्डरमधल्या फाइली जोडलेल्या असतात, आणि एसएसएच पहिलं सापडलेलं मूल्य धरतं, नंतरचं सोडून देतं. क्लाउड इमेजमध्ये तिथं '५०-क्लाउड-इनिट' नावाची फाइल असते आणि तिच्यात कित्येकदा पासवर्ड 'येस' असतो. त्यामुळे आपली फाइल त्याच फोल्डरात '००'नं सुरू होणाऱ्या नावानं ठेवा. फाइल वाचून खात्री होत नाही. 'एसएसएचडी' आज्ञेला कॅपिटल टीचा पर्याय देऊन चालवा, प्रत्यक्षात लागू असलेली मूल्यं तीच दाखवते.

टेम्पलेट मॉड्यूलमध्ये 'व्हॅलिडेट' हा पर्याय असतो. तिथं 'एसएसएचडी'ची छोट्या टीची तपासणी लावली की स्पेलिंग चुकलेली फाइल जागेवर जातच नाही. सुडोअर्सच्या (सुडोचे अधिकार ठरवणाऱ्या) फाइलींना तसंच 'व्हिसुडो'चं तपासणीचं रूप लावा. 'सुडोअर्स.डी' फोल्डरमधल्या फाइलीच्या नावात टिंब असेल तर सुडो ती फाइल गुपचूप वगळतं. 'राहुल.पाटील' नावाची फाइल करून अर्धा दिवस डोकं खाजवणारा तुमच्या टीममध्येही निघेल.

'मॅक्सऑथट्राइज' ४ केल्यावर दुसऱ्या दिवशी एखादा डेव्हलपर ओरडतो की त्याची की चालत नाही. त्याच्या लॅपटॉपच्या एजंटमध्ये (की सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) सात-आठ की भरलेल्या असतात, त्या एकामागून एक दिल्या जातात आणि बरोबर कीची पाळी येण्याआधीच मर्यादा संपते. त्याच्या कॉन्फिगमध्ये 'आयडेंटिटीजओन्ली येस' घालायला सांगा.

पोर्ट २२ बदलून २२२२ करण्यावर मी वेळ घालवत नाही. लॉगमधली गर्दी कमी होते, सुरक्षा वाढत नाही. वारंवार चुकणाऱ्या आयपीवर बंदी घालणाऱ्या फेल२बॅनचंही बरंचसं तसंच: पासवर्ड लॉगिन बंद असेल तर त्याचा मुख्य उपयोग लॉग शांत ठेवण्यापुरता. लावलंत तर ऑफिसचा आयपी 'इग्नोरआयपी'मध्ये घाला. दहा मिनिटांत पाच चुका झाल्या की दहा मिनिटं बंदी, आणि अख्खं ऑफिस एकाच आयपीमागे बसलेलं असतं.

## ६. फायरवॉल, कर्नल आणि डॉकरची भांडणं

यूएफडब्ल्यूचा (उबंटूच्या फायरवॉलचा) क्रम: आधी एसएसएचला परवानगी, मग डिफॉल्ट 'डिनाय', सगळ्यात शेवटी चालू. हे वाचून कोणी हसेल, पण उलट क्रमानं केलेली माणसं मी पाहिली आहेत.

डॉकर (प्रोग्रॅम 'कंटेनर' नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणारं साधन) असेल तर 'यूएफडब्ल्यू स्टेटस'वर विसंबू नका. कंटेनरचा पोर्ट '५४३२:५४३२' असा प्रकाशित केला की डॉकर आयपीटेबल्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या मूळ फायरवॉलमध्ये, स्वतःचे नियम लावतं आणि ती रहदारी यूएफडब्ल्यूच्या नियमांपर्यंत येतच नाही. स्टेटसमध्ये पोर्ट बंद दिसतो, बाहेरून डेटाबेस उघडा. बाहेरून गरज नसेल तर पोर्ट १२७.०.०.१ ला, म्हणजे त्याच मशीनपुरता, बांधा, गरज असेल तर 'डॉकर-युजर' साखळीत नियम लिहा. तपासणी नेहमी बाहेरून: ऑफिसचं वायफाय सोडून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जा आणि एनमॅप हे पोर्ट तपासायचं साधन चालवा. फक्त आपल्याच सर्व्हरवर, आणि परवानगीच्या ईमेलमध्ये तसं लिहून घेऊन.

कर्नलच्या सिसकंट्रोल मूल्यांपैकी बहुतेक निरुपद्रवी आहेत: आयसीएमपी रीडायरेक्ट बंद, सिनकुकीज १, 'रँडमाइझ_व्हीए_स्पेस' २. चावतं ते 'आयपी_फॉरवर्ड', म्हणजे एका नेटवर्कवरची रहदारी दुसऱ्यावर पुढे पाठवायची मुभा. बेंचमार्क ते शून्य मागतो, डेव्ह-सेकचा रोलही शून्यच करतो. डॉकरला ते १ लागतं. गंमत अशी की डॉकर सुरू होताना ते स्वतःहून १ करतं. म्हणजे डॉकर रिस्टार्ट केलं की सगळं चालू, प्लेबुक फिरलं की कंटेनरचं नेटवर्क बंद. आमच्याकडे दर रविवारी रात्री हे व्हायचं आणि सोमवारी सकाळी कोणीतरी डॉकर रिस्टार्ट करून गप्प बसायचं. तीन आठवडे 'नेटवर्कचा प्रॉब्लेम' म्हणून खपलं. डॉकरच्या गटासाठी हे व्हेरिएबल १ ठेवा आणि अपवाद म्हणून नोंदवा.

उबंटूवर 'स्क्वॉशएफएस' हे कर्नलचं फाइलसिस्टिम मॉड्यूल बंद करायला सांगणारा नियमही तसाच. स्नॅप पॅकेजं त्यावरच चालतात. '/टीएमपी'वर 'नोएक्झेक' (तिथून प्रोग्रॅम चालवायला मनाई) लावल्यावर काही इन्स्टॉलर आणि जावाची काही सॉफ्टवेअर अडतात, तेव्हा आधी चाचणी मशीनवर पाहा.

## ७. पॅच आणि घड्याळ

उबंटूवर 'अनअटेंडेड-अपग्रेड्स', रॉकीवर 'डीएनएफ-ऑटोमॅटिक'. सिक्युरिटी पॅच आपोआप, बाकीचे ठरलेल्या दिवशी. कर्नलचा पॅच लागू व्हायला रिबूट लागतो आणि आपोआप रिबूट मुळात बंद असतो. म्हणून पॅच लागलेला दिसतो, चालू मात्र जुनाच कर्नल.

मी आपोआप रिबूट चालू केलं, वेळ दिली ०२:००. रात्री दोनला कोण असतंय? पण क्लाउड इमेजचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, असतं. यूटीसीचे दोन म्हणजे आपले सकाळचे साडेसात. डोंबिवलीच्या जलद गाडीत, एक हात कडीला आणि दुसरा फोनवर, मी अलर्ट वाचत होतो. सेवा रिबूटनंतर आपोआप उठत नव्हती, ग्राहक शेअर दलाल आणि बाजार ९:१५ ला उघडणार. त्या दिवशी दादरला उतरून प्लॅटफॉर्मवरच लॅपटॉप उघडला.

तेव्हा एक तर सर्व्हरचा टाइमझोन 'आशिया/कोलकाता' करा, नाही तर यूटीसीमध्ये २०:३० लिहा. आणि अ‍ॅप सर्व्हर व डेटाबेस एकाच मिनिटाला रिबूट होऊ देऊ नका, गटानुसार वेळा वेगळ्या द्या.

घड्याळ जुळवणं हा भारतात नियमाचाही भाग आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार एनआयसी (नॅशनल इन्फर्मॅटिक्स सेंटर) किंवा नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीच्या एनटीपी (वेळ देणाऱ्या) सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी, वेळ जुळवायची असते. वेळ जुळवणाऱ्या क्रोनीच्या टेम्पलेटमध्ये ते पत्ते व्हेरिएबल म्हणून ठेवा.

## ८. ऑडिट लॉग

त्याच निर्देशांत लॉग १८० दिवस जपायला आणि ठरावीक प्रकारच्या सायबर घटना सहा तासांत कळवायला सांगितलंय. आता सर्व्हरवर कोणी काय केलं याची नोंद ठेवणाऱ्या ऑडिटडीची डिफॉल्ट मूल्यं बघा: ८ एमबीच्या पाच फाइली, भरल्या की जुनी पुसायची. म्हणजे ४० एमबी. थोड्या कडक नियमांवर गजबजलेला सर्व्हर हे फार लवकर संपवतो. १८० दिवस सर्व्हरवरच जपायचा हट्ट न धरता आरसिसलॉगनं मध्यवर्ती लॉग सर्व्हरवर पाठवा. घुसखोर पहिल्यांदा स्थानिक लॉगच पुसतो, त्यासाठीही हे लागतं.

लेव्हल २ ची भानगड इथं आहे. तिथं लॉग न पुसता साठवायचे, आणि डिस्क भरत आली की सर्व्हर थांबवायचा, असं सेटिंग मागितलं जातं. नोंद होत नसेल तर काम बंद ठेवलेलं बरं, हा त्यामागचा विचार. काही ठिकाणी तो योग्यही असेल. पण ऑडिटचं वेगळं पार्टिशन नसलेल्या, देखरेख नसलेल्या छोट्या कंपनीच्या सर्व्हरवर त्याचा अर्थ एवढाच की एक दिवस मशीन आपणहून बंद पडणार आणि कोणाला कारण कळणार नाही.

ऑडिटच्या नियमांच्या शेवटी 'ई २' ही ओळ टाकली की रिबूटपर्यंत नियम बदलता येत नाहीत. चाचणीच्या काळात ती टाकू नका.

## ९. गाडी एकदम सोडू नका

आधी चाचणी मशीन. कंटेनरमध्ये चाचणी पुरत नाही, कारण कर्नल आणि ऑडिटडीचे भाग तिथं धड तपासता येत नाहीत. पूर्ण व्हर्च्युअल मशीन घ्या, स्नॅपशॉट काढा, चालवा, रिबूट करा. रिबूट न करता 'झालं' म्हणू नका, अर्धे दोष त्यानंतरच दिसतात.

मग खऱ्या सर्व्हरवर 'चेक' आणि 'डिफ' लावून कोरडी फेरी, म्हणजे काही न बदलता काय बदलेल ते पाहणं. शेल आणि कमांड मॉड्यूलचे टास्क या फेरीत वगळले जातात, त्यामुळे कोरडी फेरी स्वच्छ म्हणजे खरी फेरी स्वच्छ असं नाही.

मग 'लिमिट' लावून सगळ्यात बिनमहत्त्वाचा एक सर्व्हर. दोन दिवस थांबा. त्यानंतर प्लेबुकमध्ये 'सिरियल' ला १, ३ आणि मग उरलेले अशी यादी द्या, आणि 'मॅक्स_फेल_पर्सेंटेज' शून्य ठेवा. एकही अडला की पुढची तुकडी सुरूच होत नाही. शुक्रवारी संध्याकाळी नाही, आणि गणपतीच्या आदल्या दिवशी तर मुळीच नाही.

## १०. अपवादांची वही

शंभर टक्के गुण मिळत नाहीत, मिळवायचेही नसतात. जो नियम पाळत नाही त्याची नोंद गिटमध्येच एका फाइलीत: नियम क्रमांक, कुठले सर्व्हर, का, त्याऐवजी काय केलंय, कोणी मान्य केलं, पुन्हा कधी पाहायचं. ऑडिटरला नापास नियम चालतो, कारण नसलेला चालत नाही.

१ जुलै २०२४ ला ओपनएसएसएचमधला रिग्रेशन नावाचा दोष जाहीर झाला तेव्हा लगेच पॅच करता येत नसेल तर 'लॉगिनग्रेसटाइम' शून्य करा असा तात्पुरता उपाय सांगितला गेला. बेंचमार्कला तिथं १ ते ६० लागतं. त्या दिवशी स्कॅनरच्या लेखी सुरक्षित सर्व्हर नापास होता. असा बदल वहीत नसेल तर पुढच्या फेरीत प्लेबुक तो मुकाट्यानं ६० करून टाकतं.

शिवाय एक उशिरा फुटणारा फटाका. पासवर्डची मुदत ३६५ दिवस हा नियम सरसकट सगळ्या खात्यांना लावलात, तर बरोबर वर्षानं अ‍ॅन्सिबलच्या आणि बॅकअपच्या युजरचा पासवर्ड संपतो. ते कीनं लॉगिन करत असले तरी त्यांना अडवलं जातं, त्यांचे क्रॉनही (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) थांबतात. पासवर्ड असलेल्या सेवा-खात्यांना या नियमातून वगळा आणि तसं वहीत लिहा.

सगळं बसलं की प्लेबुक आठवड्यातून एकदा कोरड्या फेरीत चालवा आणि फरक ईमेलवर मागवा. दुरुस्ती आपोआप नको, निदान पहिले सहा महिने. कोणी काय हातानं बदललंय हे आधी कळू दे. आमच्याकडे पहिल्याच आठवड्यात एका सर्व्हरवर पासवर्ड लॉगिन पुन्हा चालू झालेलं दिसलं. चौकशी केली तर व्हेंडरच्या माणसानं 'पाच मिनिटांसाठी' उघडलं होतं, मार्चमध्ये. आता त्याच्यासाठी वेगळा युजर आहे, वेगळी की आहे, आणि वहीत एक ओळ.